बोटीसाठी किनाऱ्यावरची वीज: आधी एवढंच बघा

आधी लोड मोजा. बॅटरी चार्जर, गीझर, एसी, केटल यांतलं एका वेळी काय काय चालणार? २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे साधारण ३.७ किलोवॅट. एसी नसेल तर बहुतेक लहान बोटींना तेवढं पुरतं. उगाच केबल-प्लगचा मोठा सेट घेऊ नका. जाड केबल वाहायला आणि ठेवायला जड जाते.

पैसे वाचवायचे तर इतरत्र वाचवा, पण या गोष्टींत नको:

- बोटीवर स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच. धक्क्यावरच्या (बोट बांधतो त्या जेटीवरच्या) आरसीडीच्या भरवशावर राहू नका.
- गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे अर्थिंग न तोडता त्यातून वाहणारा, धातू झिजवणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण. अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी जोडले गेलात की तुमचे झिंक अॅनोड (बोटीचा धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) भराभर झिजतात. त्यावर उपाय म्हणून अर्थिंग तोडणारे लोक भेटतील. त्यांचं अजिबात ऐकू नका, जिवावर बेतेल.
- मरीन केबल. घरगुती एक्स्टेंशन बोर्ड नकोच.

नवे लोक सर्वाधिक चुकतात ते प्लगमध्ये. तो अर्धवट बसला किंवा पिना गंजल्या की तिथेच उष्णता साठते. लोड सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर धक्क्यावरचा ब्रेकर बंद करा. पिनेभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल तर घासत बसू नका, प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला.

जोडताना ब्रेकर बंद ठेवून आधी बोटीकडचं टोक, मग धक्क्याकडचं. काढताना उलट. केबलचं वीज चालू असलेलं टोक पाण्यात पडता कामा नये.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (बोटीची वीज किनाऱ्यापासून पूर्ण वेगळी करणारा) वगैरे सध्या राहू द्या. पहिली जोडणी मात्र मरीन इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच.