बॉइसीला येतोयस आणि काडतुसं घरी भरायची आहेत, तर

तू विचारलंस ते थोडक्यात असं: अंबडच्या टूलरूममधली नोकरी सोडून एच-१बीवर अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या बॉइसीला येतोयस, नाशिकच्या क्लबात बरीच वर्षं .२२ रायफलने प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारलं आहेस, आणि इथे आल्यावर .२२३ ही जास्त ताकदीची रायफल घेऊन शेतातल्या जमिनीखालच्या खारींवर जायचं, काडतुसंही घरीच भरायची असा बेत आहे. सामान कोणतं घ्यावं, सुरुवात कुठून करावी आणि येताना काय आणावं? मीही सातपूरच्या कारखान्यातूनच इकडे आलो, त्यामुळे तुझा मोजमापाचा हात कसा असेल याची मला कल्पना आहे. पण आधी कायदा, मग प्रेस (काडतूस भरायचं हातयंत्र) आणि पावडर.

एच-१बी, एल-१, एफ-१ हे सगळे इथे 'बिगर-स्थलांतरित' व्हिसा धरले जातात, आणि अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. तुझ्या उपयोगाची सवलत एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते असेल तर चालतं. मित्राची रायफल रेंजवर दोन मिनिटं हातात घ्यायची असली तरी ते आधी हवं. आणि त्या कायद्यात काडतूस म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नव्हे. रिकामी केस (पितळी नळी), प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), गोळी आणि पावडरसुद्धा त्यातच येते. म्हणजे 'रायफल नंतर घेऊ, तोवर सामान जमवू' हा मार्ग बंद. इथे चूक झाली तर शिक्षा होतेच, शिवाय देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

आयडाहोत १ जानेवारी १९७५ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला हंटिंग लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो मनापासून कर, नुसता उरकू नकोस. सहा महिने राहिल्याशिवाय रहिवासी दर मिळत नाही, त्यामुळे पहिलं लायसन्स महाग पडेल. वार्षिक लायसन्स ३१ डिसेंबरला संपतं. रायफल कपाटात आणि लायसन्स संपलेलं अशी १ जानेवारीची सकाळ येऊ द्यायची नाही, म्हणून नूतनीकरण डिसेंबरातच कर. तुझी बायको एच-४ वर येईल, तिलाही हीच मनाई लागू, म्हणून कपाटाची किल्ली तुझ्याकडेच ठेव. ग्रीनकार्ड झालं की व्हिसाचा हा अडसर जातो. तोवर दरवेळी व्हिसाच्या वकिलाला लेखी विचार, आणि दुसऱ्या राज्यात बदली झाली तर तिथले नियम नव्याने वाच.

आता खारी. इथे अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास. शेतकऱ्यांनी तो एकरच्या एकर लावलेला असतो आणि त्यात या खारी बिळं करतात. पीक जातं, जनावराचा पाय बिळात अडकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या बाहेर येतात आणि उन्हाळा तापला की पुन्हा जमिनीत जाऊन झोपतात, म्हणजे हंगाम वसंताचा. शेतकऱ्याला आधी भेटून परवानगी घ्यायची, फाटक जसं असेल तसं ठेवायचं. 'नॉर्दर्न आयडाहो ग्राउंड स्क्विरल' नावाची एक खार २००० सालापासून संरक्षित यादीत आहे. ती कुठे आढळते आणि कशी दिसते हे न शिकता रायफल उचलायची नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाढलेल्या माणसाला हे सगळं पटायला वेळ लागतो, मलाही लागला. माझं मत असं की जिवावर गोळी झाडायचीच असेल तर ती एकाच फटक्यात काम करणारी हवी, आणि अचूक काडतुसाचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

किती अचूक हवं? तुझ्या ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचा रिंग १०.४ मिलिमीटरचा असतो. कोनात तो साधारण पाऊण मिनिट भरतो (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). तोच कोन २०० यार्डांवर ३८ मिलिमीटरच्या आसपास जातो, आणि खारीच्या छातीला तेवढंच पुरतं. म्हणजे ज्या दर्जावर तू इतकी वर्षं घाम गाळलास तोच इथे लागतो. १०० यार्डांवर पाच गोळ्या २० मिलिमीटरमध्ये सातत्याने बसल्या की रायफल तयार झाली असं समज. त्याहून लहान ग्रुपिंगच्या (छिद्रांच्या पुंजक्याच्या) मागे लागून बॅरल झिजवू नकोस.

.२२ मध्ये ज्वालाग्राही मसाला केसच्या काठात असतो, म्हणून ती काडतुसं पुन्हा भरता येत नाहीत. वेगवेगळे लॉट तपासून रायफलला रुचेल तो घ्यायचा, एवढंच आपल्या हाती. .२२३ ला प्रायमर वेगळा आणि मधोमध बसतो, म्हणून सगळा खेळ उघडा होतो. हे काडतूस १९६४ पासूनचं आहे, माहिती भरपूर मिळते, केस स्वस्त. .२२-२५० जास्त वेगवान, पण बॅरल लवकर तापतं आणि लवकर झिजतं. पहिल्या रायफलला ती नको. रायफल घेताना बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या आट्यांचा पीळ, बघ. ४० ते ५५ ग्रेन (हे वजनाचं माप) एवढ्या हलक्या गोळ्यांना बारा इंचात एक फेरा पुरतो, ६९ ग्रेनच्या पुढे आठ इंचांत एक फेरा बरा. फार वेगवान ट्विस्टमध्ये पातळ जॅकेटची (धातूच्या आवरणाची) गोळी हवेतच फुटू शकते.

सामानात साधा सिंगल-स्टेज प्रेस घे, झटपट भरणारा नको. डाय (केसला आकार देणारा साचा), चांगला वजनकाटा आणि त्याला पडताळायला प्रमाणित वजन, ट्रिमर (केसची लांबी कापणारा), ओजाइव्हवर, म्हणजे गोळीच्या निमुळत्या वळणावर, मोजणारा कंपॅरेटर. व्हर्नियर तर तुला सवयीचाच. आणि पावडर कंपनीचं चालू छापील लोड मॅन्युअल, म्हणजे कोणत्या गोळीला किती पावडर याचं पुस्तक. पावडरचा आकडा मी तुला सांगणार नाही, कोणी तोंडी सांगितला तरी घेऊ नकोस. तुझी केस, तुझा प्रायमर, तुझी गोळी यांच्यासाठी छापलेला सुरुवातीचा आकडा घ्यायचा. तो बहुधा कमाल मर्यादेच्या दहा टक्के खाली असतो.

मग क्रम. सगळ्या केसेस एकाच कंपनीच्या, शक्यतो एकाच लॉटच्या, तितक्याच वेळा झाडलेल्या. .२२३ च्या केसची कमाल लांबी १.७६० इंच, ट्रिम १.७५० ला. बोल्ट रायफलमध्ये फुल-लेंग्थ डायने केसचा खांदा (मानेखालचा उतार) साधारण दोन थाउ (हजारांश इंच), म्हणजे पन्नास मायक्रॉन मागे सरकेल इतकाच दाब. डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या पकडीला) टेकवून आणखी पिळली तर खांदा जास्त मागे जातो आणि दोन-चार वेळा भरल्यावर केस बुडाशी तडकते. प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसलाच पाहिजे. बोट फिरवलं की कळतं. निफाडच्या पॅकहाउसमध्ये निर्यातीचा द्राक्षमणी रिंगमधून जातो तसं इथे प्रत्येक केस मापातून गेली पाहिजे, जी नाही जाणार ती बाजूला.

पावडर ०.३ ग्रेनच्या टप्प्याने वर न्यायची. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, तेव्हा काट्यावर पंख्याचा वारासुद्धा दिसतो. प्रत्येक टप्प्याचे पाच राउंड भर. रेंजवर एकेका टप्प्याचं टार्गेट वेगळं लाव आणि आळीपाळीने एकेक गोळी मार, म्हणजे तापलेलं बॅरल आणि बदलता वारा सगळ्यांना सारखा वाट्याला येतो. बोल्ट जड उचलला, प्रायमर सपाट झाला किंवा केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला की तिथेच थांबायचं, उरलेली काडतुसं झाडायची नाहीत, घरी नेऊन उघडायची.

कागद घरी आणल्यावर सगळ्यात लहान ग्रुपकडे धावू नकोस. तीन गोळ्यांचा ग्रुप तर बराचसा नशिबाचा असतो. शेजारच्या दोन-तीन टप्प्यांचे गोळीबाराचे मध्य कुठे उंचीत फारसे हलत नाहीत ते बघ आणि त्याच्या मधला आकडा धर. इथे सकाळी गोठण्याइतकी थंडी आणि दुपारी चांगलं ऊन असतं. पावडर तापमानाने वेग बदलते, काही जास्त बदलतात. मधला आकडा त्याला सामावून घेतो. मग पावडर कायम ठेवून गोळी किती खोल बसवायची ते थोडंथोडं बदलून बघ. ती मॅगझिनमध्ये मावली पाहिजे आणि रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या आट्यांना) टेकता कामा नये, टेकली की दाब चढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेवटी ठरलेलं काडतूस वेगळ्या दिवशी पुन्हा मारून बघ.

एक गोष्ट कधीही चुकवायची नाही. ट्रेमध्ये पन्नास केसेस भरल्या की गोळी बसवण्याआधी दिवे मंद करून टॉर्चने प्रत्येक तोंडात बघ. पावडरची पातळी ओळीने सारखी दिसते; एखादी रिकामी किंवा जास्त भरलेली असली की डोळ्याला लगेच बोचते. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. उरलेली पावडर त्याच डब्यात त्याच दिवशी परत.

हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नकोस. प्रायमरच्या राखेत शिसं असतं आणि केसेस टंबलरमध्ये (घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) साफ करताना त्याची धूळ उडते. घरात लहान मूल असेल तर केसेस ओल्या पद्धतीनेच साफ कर, हात गार पाण्याने साबण लावून धू, ते कपडे वेगळे धू. भाड्याच्या घरात पावडर ठेवायला परवानगी आहे का ते करारात बघ. पैसे वाचतील म्हणून यात पडू नकोस; सामानाची किंमत भरून यायला फार काडतुसं झाडावी लागतात.

येताना काय आणायचं? मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज आणि छोटा व्ही-ब्लॉक. भरलेलं काडतूस व्ही-ब्लॉकवर फिरवून गोळीचा रनआउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) बघायला यासारखं दुसरं साधन नाही. शूटिंग जॅकेट आण, सवयीचं असतं. क्लबातली .२२ ची काडतुसं किंवा झाडलेल्या केसेस आणू नकोस, आठवण म्हणून एकही नाही.

सुट्टीत नाशिकला जातानाही तेच. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कायमच्या वेगळ्या ठेव. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर एक्स-रेत दिसलं तर आर्म्स अॅक्टखाली केस होऊ शकते, 'चुकून राहिलं' म्हणून जागेवर सुटका होईल असं धरू नकोस. क्लबातली पोरं गोळ्या, प्रायमर, केसेस मागतील. त्यांना नाही म्हण. तिकडे परवान्याशिवाय ते सामान बाळगता येत नाही आणि इथून बाहेर न्यायलाही निर्यातीचे नियम आहेत. त्यांच्यासाठी स्पॉटिंग स्कोपचा स्टँड किंवा चांगला शूटिंग मॅट ने.