डामा लिहायच्या आधी

अगं,

तुझा मेसेज आत्ता नीट वाचला. रात्री अडीचला पाठवलायस म्हणजे नाईट होती. "मॅडम इथले लोक ऐकतच नाहीत, कितीही समजावून सांगा, सकाळी बघावं तर बेड रिकामा." हसू आलं आणि पोटात कालवलं पण, कारण हेच वाक्य मी नुसतं बोललेली नाही तर केसपेपरवर लिहिलेलं आहे, खाली सही करून.

नर्स म्हणून मेळघाटची ऑर्डर निघाली तेव्हा तू किती रडलीस ते तुझ्या आईनं सांगितलंय मला. मी पण रडले होते. आता फोनवरच टाईप करत बसलेय, लांबेल, चहा घेऊन बस.

माझं पहिलं वर्ष होतं, पावसाळा, लाईट गेलेली. एक पोरगी आली, विशीबाविशीची, आठवा महिना सरत आलेला, सोबत सासू. काय होतंय विचारलं तर एकच शब्द, "लाज". मला वाटलं तपासून घ्यायला लाजतेय. म्हटलं अगं बाई माझ्याजवळ कसली लाज, मी पण बाईच आहे की, असं म्हणून पडदा ओढला आणि हसले. परत विचारलं, परत तेच, आणि पुढे "कासू" असं काहीतरी. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं ते केलंच. आत लेबर रूममध्ये दुसरी बाई कळा देत होती, मी तिकडे पळाले. पहाटे येऊन बघते तर बेड रिकामा, चादर घडी करून ठेवलेली. मी लिहिलं, पेशंट ऐकत नाही, न सांगता निघून गेली, डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध दवाखाना सोडला. डॉक्टरांनी सही केली, विषय संपला.

चार दिवसांनी आशाताईसोबत त्यांच्या गावाला गेले तेव्हा कळलं, कोरकूत, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या भाषेत, पोटाला जो शब्द आहे तो आपल्या कानाला लाज असाच ऐकू येतो. आणि कासू म्हणजे दुखणं. ती सरळ सांगत होती की पोट दुखतंय, आणि मी तिला लाजू नको म्हणत होते! कळाच होत्या त्या. शेअर जीपमध्ये, घरी पोचायच्या आधीच झाली बाई मोकळी.

बाळ जिवंत होतं. झोळीच्या काट्यावर 1 किलो 700 ग्रॅम भरलं. तुला सांगते ते कसं जगलं. त्या सासूनं चार दिवस बाळ स्वतःच्या उघड्या छातीला लावून वरून लुगडं गुंडाळून बांधलं होतं, दूध पाजायला तेवढं सुनेकडे द्यायची आणि परत घ्यायची. कांगारू मदर केअर गं, दुसरं काय! 1970 च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात बोगोटाला इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं असं आपण ट्रेनिंगला शिकतो, आमच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, भिंतीवर लॅमिनेट केलेला चार्ट पण होता, आणि त्या चार्टखाली बाईला टेकून बसायला एक खुर्ची नव्हती. म्हातारीनं चार्ट कधी बघितला नव्हता.

मी विचारलं, रात्रीत निघून काऊन गेल्या माय? आशाताईनं विचारून सांगितलं की दोन वर्षाचं मोठं पोर शेजारी ठेवून आल्या होत्या, ते एक. दुसरं म्हणजे म्हातारीनं दुपारपासून काही खाल्लं नव्हतं आणि पीएचसीत सोबतच्या माणसाला कोण विचारतंय. आणि मग म्हातारी जरा थांबून म्हणाली, सिस्टर हसली ना आमच्यावर.

तर "ऐकत नाहीत" हे वाक्य मी तेव्हापासून लिहिलेलं नाही. कोण ऐकत नव्हतं ते मला माहितीये.

आपल्या पुस्तकात ट्रान्सकल्चरल नर्सिंग, म्हणजे पेशंटची संस्कृती समजून सेवा करणं, म्हणून लेनिंगर बाईंचा धडा असतो, पाच मार्काला येतो, पाठ करतो आणि विसरतो. पण मला जास्त पटते ती न्यूझीलंडची इरिहापेती रॅम्सडेन, स्वतः माओरी आणि स्वतः नर्स. तिचं म्हणणं असं की पेशंटची संस्कृती मला किती माहिती आहे हा प्रश्नच नाही, माझ्या हातात आल्यावर त्या माणसाला सुरक्षित वाटलं की नाही हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नर्सनं द्यायचं नाही, पेशंटनं द्यायचं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिकडच्या नर्सिंग कौन्सिलनं हे शिक्षणातच घेतलं. बघ ना, त्या रात्री मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, मी किती प्रेमानं बोलले. आणि म्हातारीचं उत्तर तू वाचलंसच.

भाषेचं सांगते. कोरकू ही मराठीची बहीण नाही की हिंदीचीही नाही, ती मुंडा भाषांतली, संथालीच्या घरातली, त्यामुळे अंदाजानं समजेल असं काहीच नाही. पण वीसेक शब्द महिन्याभरात होतात. डा म्हणजे पाणी, जोम म्हणजे खाणं, तिथून सुरू कर. चुकीचं बोललीस की बाया हसतील, हसू दे, तेवढ्यानं हिशोब जरा बरोबरीचा होतो. आणि खरं बोलणं असेल तेव्हा आशाताईला बसव. नवऱ्याला दुभाष्या करू नकोस, पाळी, अंगावरून जाणं हे बाई नवऱ्याच्या तोंडून कशी सांगेल? आणि शाळेत जाणाऱ्या पोराला तर अजिबात नाही. मी हे दोन्ही केलंय, घाईत.

पण हे शब्द शिकून झाले की दुसरा एक आजार होतो, आपल्याला वाटायला लागतं आता मला कोरकू लोक कळले. मग नर्सिंग स्टेशनवर बसून नव्या मुलींना सांगायचं, "ह्यांच्यात असंच असतं." तिथं सगळे कोरकू नाहीत, गोंड आहेत, निहाल आहेत, गवळी आहेत, आणि कोरकूंतही बारावी शिकलेली पोरगी आणि तिची आजी एक नाहीत. "ह्यांच्यात" हा शब्द तोंडात आला की जीभ चाव.

आणि सगळं संस्कृतीवर ढकलू नकोस बाई. निम्म्या वेळा ती संस्कृती नसतेच, ते जीपचं भाडं असतं, बुडालेला रोज असतो, 108 ला फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं ते असतं. दवाखान्यात बाळंत झालं की जननी सुरक्षा योजनेचे 700 रुपये मिळतात हे आपण सांगतो, आणि बँकेत खातं चालू नाही म्हणून ते अडकतात हे तिला नंतर कळतं, तोवर तू खोटारडी ठरलेली असतेस. अमरावतीला रेफर म्हणजे दीडशेक किलोमीटर, घाट धरून. रेफर स्लिप फाडायला आपल्याला दोन मिनिटं लागतात, पण तिच्यामागे घरी बकऱ्यांना कोण बघणार?

गडचिरोलीच्या सर्च संस्थेचं तू वाचलं असशील. राणीताई आणि अभय बंगांनी दोन गावांतल्या बाया तपासल्या आणि 1989 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, 92 टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी कुणी तपासलेल्या फक्त 8 टक्के. म्हणजे बाकीच्या गप्प होत्या, बऱ्या नव्हत्या. पुढे दवाखाना बांधताना त्यांनी आदिवासींनाच विचारलं कसा हवा, मग तो झोपड्यांसारखा झाला आणि नाव देवीचं पडलं, माँ दंतेश्वरी. आता तू म्हणशील मॅडम माझ्या हातात बिल्डिंग कुठंय. नाहीये. पण माहेरघराची, म्हणजे दिवस भरत आलेल्या बायांना पीएचसीजवळ राहायला जी खोली असते तिची, चूल आहे. नाव किती गोड ठेवलंय बघ, माहेरघर, आणि काही ठिकाणी चुलीजवळ स्टोअरचे खोके रचलेले. ती चूल मोकळी करून दे, सोबतच्या बाईला स्वतःच्या हातानं भाकर थापता आली की दोन दिवसाची चार दिवस राहतात, मी बघितलंय. लेबर रूममध्ये सासू नाहीतर आई आत घे, लेबर रूम सुधारायच्या सरकारी लक्ष्य कार्यक्रमातच आहे ते, 2017 पासून, कुणी ओरडलं तर गाईडलाईन दाखव. उताणंच झोप म्हणून हट्ट धरू नकोस, उकिडवं बसून कळा द्यायची सवय असते कितीतरी जणींना आणि त्यात चूक काही नाही.

आता भूमका, गावातला मंत्र-उपचार करणारा. तुझ्या मेसेजमध्ये त्याच्याबद्दल जो राग आहे तो मला समजतो. पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके दिलेले मी पण बघितलेत, एकवीस दिवसाचं बाळ, पोटावर काळे डाग, एक पिकलेला. तिथं संस्कृतीचा मान वगैरे काही नाही, चटके म्हणजे चटके, बाळ सेप्सिसनं जातं. पण त्या दिवशी मी आईवर एवढी ओरडले, पोलिसात देते म्हटलं, की पुढचे तीन महिने त्या पाड्यावरचं एक आजारी बाळ माझ्यापर्यंत आलं नाही. कायदा हवाच, 2013 चा जादूटोणाविरोधी आहे, पण धमकी देऊन मी स्वतःचेच डोळे बांधून घेतले ना. नंतर भूमकाकडे मीच गेले. ओसरीवर बसले, काळा चहा प्याले, म्हटलं बाबा तुमचा मंत्र म्हणा, धागा बांधा, मला काही अडचण नाही, फक्त विळा नको आणि बाळ दूध ओढत नसेल, छाती आत ओढत असेल तर त्याच दिवशी माझ्याकडं. लगेच हो म्हणाला नाही तो. दोन-तीन चकरा झाल्या. मग एक दिवस संध्याकाळी स्वतःच एका बाईला घेऊन आला, दाराबाहेर उभा राहिला, आत काही आला नाही. मी खुर्ची दिली. ती घेतली त्यानं.

सगळे भूमके असे वळतात असं समजू नकोस हां, एक तर शेवटपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

बाकी स्वेटर नेलास का? घाटावर थंडी वाईट असते. दिवाळीनंतर गावं रिकामी होतात, लोक कामाला बाहेर पडतात, तेव्हा जायच्या आधीच प्रत्येकीच्या एमसीपी कार्डवर, म्हणजे आई-बाळाच्या तपासणी-लसीच्या कार्डवर, पुढच्या डोसची तारीख मोठ्या आकड्यात लिही, तुझा नंबर लिही, आणि कार्ड पत्र्याच्या पेटीत न ठेवता सोबत न्यायला सांग, म्हणजे जिथं असतील तिथल्या सरकारी दवाखान्यात लस मिळेल. आणि होळीला रजा टाकू नकोस. घरी आई चिडेल, चिडू दे, गुढीपाडव्याला जा. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण तो, कुठं कुठं गेलेले सगळे परत येतात, आणि वजनकाटा घेऊन फिरलीस तर वर्षभर न सापडलेली पोरं त्या चार दिवसात गावातच सापडतात. फगव्याचे पैसे मागतील रस्त्यात अडवून, सुट्टे ठेव.