मुलीला घेऊन परदेशी जाण्याविषयी
तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे आणि या वयात तिला परदेशी शाळेत घालावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळतील. मी फक्त छायाचित्राची गोष्ट सांगते. चेहऱ्यावर सावली आहे, असा शेरा मारून माझ्या मुलीचे छायाचित्र दोनदा परत आले. तिसऱ्यांदा काढताना तिने विचारले, "आई, ती सावली आहे की माझा रंगच तसा आहे?" मी ते हसण्यावारी नेले.

तिथल्या शाळेत पोहणे सक्तीचे होते. एका मुलीने हिच्या हातावरच्या लवेबद्दल काहीतरी विचारले, बहुधा निव्वळ कुतूहलाने, आणि तेव्हापासून ही भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालू लागली. पाठ वर्गाकडे होते म्हणून गणिताच्या तासाला फळ्यापाशी जाणेही तिने सोडले. भाषा कच्ची आहे, असे ठरवून शाळेने तिला वर्षभर जादा तासाला बसवले. हे मला अजून सलते, कारण तिची भाषा माझ्यापेक्षा चांगली होती.

मुली इतरांची नजर आत्मसात करून स्वतःच्या शरीराकडे वस्तूसारखे बाहेरून पाहू लागतात आणि या पहाऱ्यात त्यांचे लक्ष खर्ची पडते, असे बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडले होते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, पोहण्याचा पोशाख घालून गणिते सोडवणाऱ्या तरुणींना स्वेटर घातलेल्यांपेक्षा कमी गुण मिळाले. २००४ मध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई वंशाच्या अमेरिकी तरुण-तरुणींवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा सगळ्याच गटांचे गुण घसरले. हे सारे मी फार उशिरा वाचले.

एकटेपणाचे म्हणाल, तर त्याची सवय होते.

दोष केवळ परक्या देशाचा आहे, असे मी बरीच वर्षे मानत होते. पण "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील" हे वाक्य तिने विमानात बसण्यापूर्वी माझ्याच तोंडून शेकडो वेळा ऐकले होते. मुलीला खुशाल न्या. मात्र निघण्यापूर्वी एक दिवस, तिच्या दिसण्याविषयी आपण किती वेळा बोलतो, हे मोजून पाहा.

माझी मुलगी आता वीस वर्षांची आहे. फोनवर मी अजूनही आधी "वाळलेली दिसतेस" म्हणते आणि मग विचारपूस करते. गेल्या महिन्यापासून ती कॅमेरा बंद ठेवून बोलते.