लॅम्ब वेव्हज वापरून प्लेट तपासताना फ्रिक्वेन्सी इतकी कमी का ठेवतात?

नेहमीच्या अल्ट्रासॉनिक तपासणीला २ ते ५ मेगाहर्ट्झ चालतं, मग ३ मिमी ॲल्युमिनियम प्लेटला ३०० किलोहर्ट्झच का, असं विचारलंय. कारण लॅम्ब वेव्ह म्हणजे प्लेटच्या आतून लांबवर धावणारी अल्ट्रासॉनिक वेव्ह, ती प्लेटच्या दोन्ही पृष्ठभागांवर आपटत पुढे जाते आणि त्यातून मोड (प्लेट थरथरण्याचे ठरावीक प्रकार) तयार होतात, होरेस लॅम्बने १९१७ मध्येच याचं गणित मांडलं होतं. किती मोड येणार हे फ्रिक्वेन्सी गुणिले जाडीवर ठरतं, ॲल्युमिनियमला हा गुणाकार साधारण १.६ मेगाहर्ट्झ-मिमीच्या खाली असला की एस-झीरो (दोन्ही पृष्ठभाग सममितीने हलतात) आणि ए-झीरो (प्लेट वर-खाली वाकते) असे दोनच लॅम्ब मोड उरतात. ३०० किलोहर्ट्झला तो ०.९ येतो, ५ मेगाहर्ट्झला थेट १५! मग ढीगभर मोड वेगवेगळ्या स्पीडने येऊन सिग्नलची अक्षरशः खिचडी होते.

पण फ्रिक्वेन्सी कमी म्हणजे वेव्हलेंथ मोठी, एस-झीरोची इथे जवळपास १८ मिमी, त्यामुळे बारीक क्रॅक निसटू शकते. ए-झीरोची वेव्हलेंथ बरीच कमी असते म्हणून छोट्या दोषांना मला तोच आवडतो, फक्त प्लेटला पाणी किंवा तेल लागून असेल तर त्याची एनर्जी लिक्विडमध्ये गळते, तिथे एस-झीरोच घ्या. आणि सिंगल स्पाइक देऊ नका प्लीज, हॅनिंग विंडो लावलेला (म्हणजे हळूहळू चढून हळूहळू उतरणारा) ५ सायकलचा बर्स्ट द्या, त्यात फ्रिक्वेन्सीचा पट्टा अरुंद राहतो म्हणून पल्स खूप कमी पसरतो.