रिपोर्ट चांगले, तरी गोळी का सुटत नाही?

प्रश्न : माझ्या वडिलांना चार वर्षांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाला. इमॅटिनिबची गोळी सुरू झाल्यापासून त्यांचे रिपोर्ट उत्तम येतात, तरीही डॉक्टर ती थांबवू देत नाहीत. कर्करोगाच्या मूलपेशींनाच मारणारे औषध निघाल्याचे ऐकले. त्याने गोळी सुटेल का?

उत्तर : गोळी स्वतःहून मुळीच थांबवू नका, हे आधी सांगतो. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे सदोष प्रथिन तयार होते आणि इमॅटिनिब त्याचे काम रोखते. भराभर वाढणाऱ्या पेशी त्या प्रथिनावरच अवलंबून असल्यामुळे मरतात. परंतु अस्थिमज्जेत निपचित पडून असलेल्या मोजक्या मूलपेशी, ज्यांच्यापासून हा आजार उगवतो, त्या प्रथिनाविनाही तग धरतात.

असे असले तरी गोळी प्रत्येकाला जन्मभर लागतेच असे नाही. फ्रान्समधील एका चाचणीत, किमान दोन वर्षे पीसीआर या अतिसूक्ष्म अंशही टिपणाऱ्या तपासणीत आजाराचा मागमूसही न सापडलेल्या १०० रुग्णांची इमॅटिनिब थांबवण्यात आली, तेव्हा सुमारे ४० टक्के रुग्णांचा आजार परतला नाही. ज्यांचा परतला, त्यांतील बहुतेकांचा पहिल्या सहा-सात महिन्यांतच परतला आणि औषध पुन्हा दिल्यावर आटोक्यातही आला. तेव्हा वडिलांची बीसीआर-एबीएलची पातळी किती खाली आहे आणि किती काळ तशी टिकली आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मूलपेशींवरचे स्वतंत्र औषध मात्र या आजाराच्या नेहमीच्या उपचारांत अद्याप आलेले नाही. हेजहॉग, नॉच यांसारख्या ज्या संदेशमार्गांवर, म्हणजे पेशींना जगण्या-वाढण्याचे निरोप पोचवणाऱ्या साखळ्यांवर, या पेशी जगतात, तेच मार्ग आपल्या निरोगी मूलपेशींनाही लागतात, ही खरी अडचण आहे. हेजहॉग मार्ग अडवणाऱ्या ग्लासडेगिबला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या वेगळ्या, झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या वृद्ध किंवा तीव्र केमो न झेपणाऱ्या रुग्णांसाठी, आणि तीही सायटॅराबिन या केमोच्या औषधाच्या जोडीने.

मूळच उपटले जाते, असे मला सर्वांत आश्वासक वाटणारे उदाहरण ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या आणखी एका कर्करोगाचे आहे. अ जीवनसत्त्वापासून बनलेले ट्रेटिनॉइन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपल्याकडचा सोमल, ही दोन औषधे मिळून त्या आजाराचे सदोष प्रथिन केवळ रोखत नाहीत, तर मोडून टाकतात. त्यामुळे आजार पुन्हा रुजवणाऱ्या पेशीच संपतात आणि बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. ते प्रथिन वडिलांच्या आजारात नसते, म्हणून हा उपचार त्यांच्यासाठी नाही. शिवाय रुग्णालयात शुद्ध स्वरूपात, मोजून शिरेतून दिला जाणारा सोमल बाहेरून मिळवून कोणी पोटात घेतला, तर तो जिवावर बेतेल.