"फर्स्ट कॉपी आहे, कळणारपण नाही": डुप्लिकेट गोल्फ क्लबबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात क्लबच्या, म्हणजे गोल्फच्या काठीच्या, मुठीवरच्या जुन्या ग्रिप कधी बदलायच्या यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत ग्रिपबद्दल कमी आणि "माझा क्लब ओरिजिनल आहे ना हो?" हेच जास्त विचारलंय. रिपेअरिंगच्या टेबलावरही मला हल्ली हाच प्रश्न रोज भेटतो, म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न: नमस्कार सर, एका साइटवर मोठ्या अमेरिकन कंपनीचा नवा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) मला ८,५०० रुपयांना मिळाला, दुकानात त्याचेच पन्नास हजारांच्या वर सांगतात. दिसायला एकदम सेम आहे, सीरियल नंबरपण आहे, पण बॉल मारला की पत्र्याचा डबा वाजल्यासारखा आवाज येतो. नंबर आहे म्हणजे ओरिजिनलच असेल ना? (पिंपळे सौदागर, पुणे)

उत्तर: नाही हो, नंबरावर जाऊ नका. होझलवर, म्हणजे शाफ्ट (दांडा) जिथे हेडमध्ये (बॉलला लागणाऱ्या डोक्यात) शिरतो त्या मानेवर, नंबर कोरणं बनावट माल बनवणाऱ्याला काहीच अवघड नाही, एका खऱ्या क्लबचा नंबर उचलायचा आणि तोच ढीगभर हेडांवर मारायचा असा त्यांचा धंदा चालतो. नंबर नसला किंवा तो हाताने ओरखडल्यासारखा असला तर संशय घ्यायचा, पण नंबर आहे म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. तो नंबर, हेडचे दोन-तीन क्लोज फोटो आणि बिल असं सगळं कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा आणि त्यांनाच विचारा. पिंगसारखी कंपनी तर सीरियल नंबरावरून तो सेट मुळात कुठल्या स्पेसिफिकेशनने बनवला होता तेही सांगते, त्यांच्या आयर्नवरच्या (नंबरवार येणाऱ्या धातूच्या क्लबवरच्या) रंगीत ठिपक्यालाही अर्थ असतो, काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड लाय (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन), आणि नंबराच्या रेकॉर्डमधला ठिपका एक आणि हातातल्या क्लबवरचा दुसराच निघाला तर विकणाऱ्याला विचारा की असं का.

आता घरी काय बघायचं ते सांगतो. ड्रायव्हरचं नुसतं हेड साधारण २०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि अख्खा क्लब तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम, तर किचनच्या वजनकाट्यावर अख्खा क्लब तोलून बघा, नीट तोलला आणि आकडा बराच लांब गेला की समजा गडबड आहे. पाना असेल तर हेड सोडवा, खऱ्या क्लबचा स्लीव्ह (शाफ्टच्या टोकाची, हेडमध्ये बसणारी नळी) घट्ट आणि गुळगुळीत बसतो, डुप्लिकेटमध्ये तो खडखडतो आणि स्क्रूचे आटे पहिल्या-दुसऱ्या वेळेलाच खराब होतात. शाफ्टवरची अक्षरं नखाने हळूच खरवडा, निघाली तर संशय घ्या. ग्रिपला रॉकेलसारखा उग्र वास येतोय का तेही बघा. अक्षरांच्या खाचांत भरलेला रंग कडेला पसरलाय का, लोगोतल्या अक्षरांमधलं अंतर कंपनीच्या साइटवरच्या फोटोशी जुळतंय का, हे भिंगातून बघितलं की बरंच कळतं. मात्र "मेड इन चायना" लिहिलंय म्हणून डुप्लिकेट असं अजिबात नाही, खऱ्या कंपन्यांचीही बरीच हेड्स चीनमध्येच तयार होतात, आणि बनावट माल इतका हुबेहूब निघतो त्यामागे हेही एक कारण आहे. हा त्रास इतका वाढला की अकुशनेट, कॅलवे, क्लीव्हलंड, पिंग, टेलरमेड या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी २००४ मध्ये बनावट मालाविरुद्ध एकत्र गट केला आणि तो चीनमधल्या पोलिसांबरोबर छापे घालायला मदत करतो.

पण मला विचाराल तर तुमच्या केसमध्ये खरं उत्तर किमतीनेच दिलंय. चालू वर्षाचं मॉडेल कुठलाही खरा डीलर पाचव्या-सहाव्या हिश्शाच्या भावात देऊ शकत नाही, त्याला स्वतःलाच तो त्या भावात मिळत नाही.

साइटवरची जाहिरात काढून टाकायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, पार्सल उघडतानाचे फोटो असतील तर जपून ठेवा आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिनाभरात निकाली काढायची असते. इम्पोर्टेड मालाचा आयातदार कोण हे दाखवणंही विक्रेत्यावर बंधनकारक आहे, तिथे नाव नसेल तर तेही तक्रारीत लिहा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आणि ती साइटच गायब झाली असेल तर ताबडतोब १९३० वर, हा सायबर फ्रॉडचा नंबर आहे, तिथे जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: सेकंडहँड सेट बघायला चाललोय. मित्र म्हणतो लोहचुंबक घेऊन जा, चिकटलं तर ओरिजिनल. खरंय का? (नाशिक)

उत्तर: अर्धं खरंय. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न आणि बरेचसे वेज (जवळच्या उंच फटक्यांचे क्लब) कार्बन स्टीलचे असतात, त्यांना चुंबक पटकन चिकटतं. स्वस्त डुप्लिकेटमध्ये जस्ताचा मिश्रधातू ओततात, त्याला चिकटत नाही. पण टायटॅनियमच्या ड्रायव्हरलाही चिकटत नाही आणि तो तर खरा असू शकतो (तळाचे स्क्रू किंवा वजनाचे तुकडे ओढले गेले तर ते धरू नका), शिवाय ३०३ स्टेनलेस स्टीलमधून मिल केलेला (मशीनवर कोरून काढलेला) महागडा पटरसुद्धा (बॉल होलमध्ये ढकलायचा क्लब) चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. म्हणून आधी त्या मॉडेलचा धातू कुठला ते कंपनीच्या साइटवर बघून घ्या, मग चुंबक लावा. आणि जमलं तर सेट घ्यायच्या आधी रिपेअरवाल्याकडे लॉफ्ट, म्हणजे हेडच्या पुढच्या बाजूचा तिरपेपणा, मोजून घ्या. शेजारशेजारच्या आयर्नमध्ये साधारण चार अंशांचा फरक हवा, डुप्लिकेट सेटमध्ये सात आणि आठ नंबर जवळपास सारखेच निघालेले मी स्वतः मोजलेत.

प्रश्न: सर, मी नवी मुंबईत कॅडी आहे (खेळाडूंच्या बॅगा सांभाळतो), वय २२. सुट्टीच्या दिवशी आम्हाला खेळायला देतात. दोन वर्षं पैसे साठवून एका माणसाकडून १४,००० चा आयर्न सेट घेतला, तो गाडीतून माल आणून कोर्सच्या बाहेर विकतो, "ओरिजिनल इम्पोर्टेड" म्हणाला होता. मागच्या आठवड्यात सात नंबरचं हेड मानेतून तुटून उडालं, माझ्या सोबत्याच्या कानाजवळून गेलं. आता तो फोन उचलत नाही. माझ्यासारख्याचं कोण ऐकणार?

उत्तर: तुला "तू"च म्हणतो, रागावू नकोस. तुझं पत्र वाचून मला दोन दिवस चैन पडली नाही. पहिलं म्हणजे त्या सेटमधला एकही क्लब आता हातात घेऊ नकोस, मान जस्ताची असेल तर दुसरं हेडही असंच उडेल आणि पुढच्या वेळी ते कानाजवळून जाईलच असं नाही. आणि तुटलेले तुकडे टाकू नकोस, जिथे तुटलं तिथले उजेडात फोटो काढ, तोच तुझा पुरावा आहे.

तुझं ऐकणार आहेत. तो माणूस हाच धंदा करतो म्हणजे तो विक्रेता आहे आणि तू ग्राहक आहेस, बिल नसलं तरी यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याची नोंद, "ओरिजिनल आहे" म्हणालेला व्हॉट्सअॅप मेसेज किंवा व्हॉइस नोट, सोबत असलेल्या दोघा मित्रांचं म्हणणं, हे सगळं चालतं. तू जिथे राहतोस त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, वकील करायलाच हवा असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची असते. फक्त त्याचं नाव-पत्ता मिळव, निदान गाडीचा नंबर आणि यूपीआयवर दिसणारं नाव तरी. दुसरीकडे पोलिसांत लेखी अर्ज दे. ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्ये खोटा ब्रँड लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, फसवणुकीचं कलम वेगळं. तुझ्यासारखे अजून तिघं-चौघं कॅडी फसले असतील तर सगळे एकत्र जा, कोर्सच्या सेक्रेटरींनाही सोबत यायला सांग, त्यांच्या गेटबाहेर हे चाललंय तर त्यांनाही याचं सोयरसुतक असायला हवं.

आणि पुढचा सेट घेताना नवा दिसणारा घेऊ नकोस. एखाद्या मेंबरचा दहा वर्षं जुना, घासलेला पण खरा सेट, जो तू स्वतः त्यांच्या बॅगेतून रोज काढून दिलायस, तो कुठल्याही चकचकीत फर्स्ट कॉपीपेक्षा चांगला. मिळाला की माझ्याकडे आण, ग्रिप मी बसवून देईन, पैसे घेणार नाही.

प्रश्न: भावाने परदेशातल्या बाजारातून फर्स्ट कॉपी सेट आणला. मला नकोय. "कॉपी आहे" असं स्पष्ट सांगून विकला तर चालेल ना? (कोल्हापूर)

उत्तर: नाही चालणार. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हाच गुन्हा आहे, समोरच्याला सांगितलं म्हणून तो सुटत नाही. कायद्यात बचाव आहे तो काळजी घेऊनही ज्याला कल्पना नव्हती त्याला, तुम्हाला तर माहीत आहे. आणि तुम्ही खरं सांगून विकाल, पण तुमच्याकडून घेणारा पुढे सांगेलच असं नाही, वरच्या मुलाकडे असाच फिरत फिरत तो सेट पोचला असेल. कुणाला भेटही देऊ नका. हेड आणि शाफ्ट वेगळे करून भंगारात द्या, शाफ्ट ग्रॅफाइटचे असतील तर कापताना गॉगल आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जायला नको.