वाचक विचारतात : सव्वा महिना, दशमांश आणि आईचा वाटा

प्रश्न : सलाम. मला मुलगी होऊन वीस दिवस झाले. आत्याबाई म्हणतात, सव्वा महिना होईपर्यंत चर्चची पायरी चढायची नाही, शास्त्रातच लिहिलंय. येत्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) आहे. गेले तर चालेल का?
– एक वाचक, अंबड

उत्तर : शास्त्रात आहे ते बायबलच्या लेवीय पुस्तकात, अध्याय १२ मध्ये, आणि तिथे सव्वा महिना कुठेच नाही. मुलगा झाला तर ७ आणि ३३ मिळून ४० दिवस, मुलगी झाली तर १४ आणि ६६ मिळून ८०. वर एक वर्षाचं कोकरू आणि एक पक्षी अर्पायचा. ऐपत नसेल तर पक्ष्यांची जोडी. आत्याबाईंना लेवीयच पाळायचं असेल तर तुमचे ८० दिवस होतात आणि कोकरूही शोधावं लागेल. सव्वा महिना ही आपल्या भागातली रीत. ख्रिस्ती घरात शिरताना तिने शास्त्राचं नाव लावलं, इतकंच.

मरियेने हा नियम पाळला होता, आणि तिने दिलं ते गरिबाचं अर्पण, पक्ष्यांची जोडी (लूक २:२४). पण तिचाच मुलगा पुढे काय करतो ते मार्क ५ मध्ये बघा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीत घुसून त्याच्या वस्त्राला शिवते. लेवीय १५ प्रमाणे हा सरळ विटाळ. येशू तिला ‘मुली’ म्हणून हाक मारतो आणि शांतीने घरी पाठवतो. इ. स. ६०१ च्या सुमारास इंग्लंडमधल्या मिशनऱ्यांनी पोप पहिले ग्रेगरी यांना तुमचाच प्रश्न विचारला होता. उत्तर आलं : बाळंत झाली त्याच घटकेला बाई उपकारस्तुतीला आली तरी तिला पाप नाही, आणि पाळीतही तिला प्रभुभोजनापासून अडवू नये.

तेव्हा जा. अंग भरून यायला सहा आठवडे लागतात हे खरं, पण ती विश्रांती झाली, विटाळ नव्हे. दाराजवळची, पंख्याखालची खुर्ची धरा म्हणजे पाजायला उठता येईल. तासाभरात अख्खं पॅड भिजत असेल किंवा ताप असेल तर चर्च राहू द्या, दवाखाना गाठा. जाववत नसेल तर पाळकांना शनिवारीच कळवा. प्रभुभोजन घरी आणता येतं. आणि चर्चमध्ये बाळ आत्याबाईंच्याच मांडीवर द्या. निम्मा वाद तिथेच मिटतो.

प्रश्न : दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, चर्चला न चुकता देतो. त्यानंतर हाती उरत नाही, म्हणून गावी आईला काही पाठवणं होत नाही. वडील नाहीत. देवाचं आधी की आईचं?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आईचं. मार्क ७:९ ते १३ आज घरी मोठ्याने वाचा. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात वर करणाऱ्यांना येशूने झापलं आहे : तुम्ही रूढीपायी देवाचं वचन रद्द करता. १ तीमथ्य ५:८ तर घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट ठरवतं. येशूने वधस्तंभावरून आईची सोय लावली ती योहान १९:२६-२७ मध्ये आहे, आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं.

पगार झाला की पहिली रक्कम आईची, तारीख ठरवून. खातं तिच्या नावाचं हवं आणि कार्ड तिच्याच बटव्यात. पैसे भावाच्या खात्यावर गेले की ते खत-बियाण्यात जिरतात आणि आई औषधाला हात पसरते. मुलं बघतच नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली आईला उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. स्वतःचं भागत नसेल तर साठीची अट तिला नाही.

वडील इच्छापत्र न करता गेले असतील तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो : एक तृतीयांश आईचं, उरलेलं मुलगे-मुलींत समान. फेरफाराला फक्त भावांची नावं देऊन मोकळं होतात, ती चूक आधी तपासा. दुसरी चूक तुम्हीच करत असाल. तुम्ही आईच्या आधी गेलात आणि मागे बायको-मुलं असतील, तर या कायद्यात आईला एक पैसाही मिळत नाही. म्हणून इच्छापत्र करा. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. तुमच्या सहीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ज्याला काही ठेवलंय तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असू नये, नाहीतर त्याला ठेवलेलं रद्द होतं.

प्रश्न : महिला मंडळाच्या बाईंनी भक्तीत संदेश दिला तर एक वडीलधारे उठून गेले. ‘स्त्रियांनी गप्प राहावे’ असं वचन आहे ना?
– महिला मंडळ, जालना

उत्तर : आहे, १ करिंथ १४:३४. पण त्याच अध्यायात आणखी दोघांना गप्प राहायला सांगितलंय : अर्थ सांगणारा नसताना अन्य भाषेत बोलणारा (२८) आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तरी बोलतच राहणारा संदेष्टा (३०). मूळ ग्रीक क्रियापद तिन्हीकडे एकच. विषय गोंधळ आवरण्याचा आहे. त्याच पत्रात ११:५ मध्ये बायका भक्तीत प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पत्र लिहिणारा पौल फक्त डोक्यावरच्या पदराबद्दल बोलतो. पाळकपदाच्या दीक्षेबाबत चर्चच्या पंथांत मतभेद आहेत. कॅथॉलिक स्त्रियांना देत नाहीत, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) देते. त्या गृहस्थांना एवढं सांगा की पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं.

प्रश्न : मे महिन्यात मातृदिनाची भक्ती आहे. काय करावं?
– तरुण संघ, परतूर

उत्तर : भक्ती सकाळी आठला ठेवा, नंतर ऊन सोसत नाही. ‘आयांनी उभं राहावं’ म्हणत गुलाब वाटू नका. मूल नसलेली, मूल गमावलेली बाई त्या वेळी बाकावर बसून राहते. १ शमुवेल १ मधली, मूल नाही म्हणून रडणारी हन्ना आठवा. फूल सगळ्याच बायकांना द्या.

आणि स्वयंपाक. बहुतेक ठिकाणी सन्मान चालू असतो तेव्हा निम्म्या आया मागे पुऱ्या तळत असतात. त्या दिवशी पुरुषांनी खिचडी टाकावी : शंभर माणसांना तांदूळ ७ किलो, डाळ ३ किलो, पाणी २५ लिटरच्या आसपास. पातेली घासणंही त्यातच धरा.